पीळ

महाराजांचा आवाज तसा गोड.
खर्ज मीच थोडा वाढवून दिला होता.
पद्मावतीच्या मैदानात मार्गशीर्षाचा गारठा,
आणि शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही
शब्द न् शब्द कळावा, अशी माझी ख्याती:
रणनवरे साऊंड सर्व्हिस, नाना पेठ.

सप्त्याच्या तिसऱ्या रात्री ते म्हणाले,
"मूठभर लाल मिलोसाठी
ज्यांच्या बापांनी देव विकला, त्यांची सावलीसुद्धा..."
पुढचं हशात बुडालं.
माझ्याच चार खांबांवरून,
माझ्याच आठ कर्ण्यांतून
माझा बाप मैदानभर विखुरला.

वायरी ओढणारा अंकुश
माझ्याकडे बघायचं टाळून चप्पल शोधू लागला.
चप्पल पायातच होती.

बोट बटणावर होतं.
चिमूटभर डावीकडे फिरवलं असतं
तर महाराज नुसते ओठ हलवत राहिले असते,
काचेच्या पेटीतल्या माशासारखे.

खोटं कशाला सांगू,
दुसरा गाल वगैरे काही आठवलं नाही.
आठवलं ते साडेसहा हजार येणं.
मग बाप आठवला.
बहात्तरला जामखेडकडं दुष्काळी कामावर खडी फोडणारा.
(मिलो तर तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रानं खाल्ली;
रेशनच्या रांगेत देव कुणी विचारत नव्हतं.)
शिव्या घालणाऱ्या मुकादमाचं पोरगं
दुपारी त्याच्या भाकरीशी येऊन बसायचं,
आणि बाप मोठा तुकडा त्याच्याकडं सरकवायचा.
का, ते कधी बोलला नाही.

महाराज खोकले. थांबले. परत खोकले.
छातीच्या तळातला कोरडा खोकला,
इतक्या जवळून फक्त मलाच ऐकू येणारा.
मी थर्मासमधलं गरम पाणी
मंडपातल्या पेल्यात ओतून पुढं ठेवलं.
ते प्याले. कुणाचं, विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
तीन रात्री झाल्या, ते न सांगणं
प्रीती होती की खोडी, ठरत नाही.

रविवारी आमचे रेव्हरंड कसोटे तापले.
बातमी पोचली होती.
महाराजांच्या दाढीपासून सुरुवात, मग देवांवर आले.
दगड म्हणाले. शेंदूर म्हणाले.
पत्राच्या शेवटी "प्रभूच्या प्रीतीत" लिहिणारी आमची मंडळी
खदखदून हसली.
तोच हशा. खर्जासकट तोच.
तिथं मी भाडंही घेत नाही.

मागच्या बाकावर अंकुशची आई होती,
नाताळच्या गाण्यांचा सराव ऐकायला येते ती.
गळ्यातला टाक मुठीत धरून उठली, गेली.

आमच्या धंद्यात माइक कर्ण्यासमोर धरला
की किंचाळी उठते.
आवाज स्वतःलाच ऐकतो, स्वतःलाच उत्तर देतो.
दोन्ही बटणं चढवून ती थांबत नाही.
कुणीतरी तोंड वळवायचं.

मी म्हटलं, "साहेब, ती बाई रडत गेली.
चला, तिच्याकडं चहाला जाऊ."
"रणनवरे, सुरुवात त्यांनी केली."
हे वाक्य मी घरी नातवाकडून रोज ऐकतो.
आले नाहीत.
महाराजांवर राग न धरणं त्या मानानं सोपं होतं.
कसोट्यांवर न धरणं अजून जमत नाहीये.

एकटाच गेलो, दांडेकर पुलाजवळच्या खोलीत.
चूक झाली म्हटलं, आमच्यातर्फे.
ती स्टोव्हकडं बघत राहिली.
"त्या रात्री मैदानात मी होते, दादा.
हसले होते. सगळे हसले म्हणून."
चहात साखर फार होती. दोघांनी संपवला.

बाहेर टेम्पोत अंकुश वायर कोपरावर गुंडाळत होता.
म्हटलं, तशी नको, आतून पीळ पडतो.
एक वेढा सुलट, एक उलट. सावकाश.
पीळ बाहेरून दिसत नाही,
पुढच्या कार्यक्रमात नेमका आवाज तुटतो.

संध्याकाळी परत पद्मावती.
थर्मास धुऊन ठेवलाय.
पेला आज घरचा नेतोय, पितळी,
काठावर बापाचं नाव कोरलेला:
शिमोन येशुदास रणनवरे.
अक्षरं ठळक आहेत.
प्यायचं का, ते महाराजांनी ठरवावं.
पाणी गरम असेल.